पहिल्या वाचनापासून पाचव्या प्रयोगापर्यंत : नवख्या ड्रामाटर्गसाठी

पुण्यात नाटकावर मत द्यायला माणसं कमी पडत नाहीत. प्रयोग सुटला की भरत नाट्य मंदिराबाहेर, चहा हातात यायच्या आत, दुसरा अंक कुठे ढेपाळला याचं निदान झालेलं असतं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं, पण त्या प्रयोगाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. हेच म्हणणं महिनाभर आधी, तालमीच्या खोलीत, दिग्दर्शकाला ऐकून घेता येईल अशा रीतीने त्याच्या कानावर घालणारा माणूस म्हणजे ड्रामाटर्ग.

जर्मनीत हे पद जुनं आहे. १७६७ मध्ये हाम्बुर्गच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने नाटककार-समीक्षक लेसिंगला नेमलं, तिथपासून त्याची परंपरा सांगतात. तिथल्या नाट्यगृहांत आजही ड्रामाटर्ग पगारावर असतो. आपल्याकडे पद नव्हतं, पण काम होतच आलं आहे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची हलती भिंत असो, किंवा मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात आलेली बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्यं मराठी घरात रुजवणं असो, अशा गोष्टी एकट्या लेखकाच्या टेबलावर पुऱ्या होत नाहीत. अमुक एक मित्र तालमीला येऊन मागे बसायचा, त्याचं दिग्दर्शक ऐकायचा, हे पुण्यातल्या जवळपास प्रत्येक संचाच्या आठवणीत सापडेल. आता त्या मित्राचं नाव कधी कधी पोस्टरवर येतं, एवढाच फरक.

असं काम ज्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नवखा ड्रामाटर्ग आपली सगळी ताकद तालमी सुरू व्हायच्या आत खर्चून बसतो. भाराभर वाचतो, जाडजूड फाइल करतो, पहिल्या बैठकीत तिच्या झेरॉक्स वाटतो आणि नंतर तालमीत कोपऱ्यात बसून आपण करायचं काय हे त्याला कळेनासं होतं. खरी गरज पडते ती तालमींच्या दुसऱ्या निम्म्यात. तोवर बाकी सगळ्यांना नाटक पाठ झालेलं असतं आणि पाठ झाल्यामुळेच दिसेनासं झालेलं असतं. पुढची सगळी तयारी त्या दिवसांसाठी आहे, असं समजून वाचा.

पहिलं वाचन

संहिता हातात आली की ती एका बैठकीत वाचायची. फोन दुसऱ्या खोलीत, पेन्सिलही नको. लेखकाचं मनोगत सोबत असेल तर ते शेवटी वाचा. दिग्दर्शक फोनवर ‘नाटक कशाबद्दल आहे’ ते सांगायला लागला तर गोड बोलून थांबवा.

वाचून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत हाताने एक कागद लिहा. कुठे कंटाळा आला, कुठे पान मागे उलटून बघावं लागलं, कुणाचा राग आला, पुढे काय होईल असं कुठल्या वाक्याला वाटलं आणि ते झालं का. भाषा ओबडधोबड असू दे. वर तारीख टाका आणि तो कागद बाजूला ठेवून द्या. नाटकाबद्दल काहीच माहीत नसलेला प्रेक्षक तुम्ही फक्त त्या दिवशी असता. दीड महिन्याने ‘हे कळतंय ना लोकांना?’ असं दिग्दर्शक विचारेल तेव्हा खोलीत भरवशाचं उत्तर फक्त त्या कागदाकडे असेल.

पत्रक

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि संहितेचं पत्रक करा. एक्सेलमध्ये करा नाहीतर आडव्या कागदावर, रकाने एवढे हवेत : प्रवेश, जागा आणि वेळ, कोण येतं-जातं, प्रेक्षकाला नवीन काय कळतं, त्या क्षणी कुठल्या पात्राला काय माहीत आहे, कुणाच्या हातात काय आहे. शेवटचे दोन रकाने नवखे लोक गाळतात, आणि नेमकं तिथेच सगळं सापडतं.

समजा, नाटक असं आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवरची एक खोली. एमपीएससीची तयारी करणारी तीन मुलं. सचिनचं पाचवं वर्ष. त्याने अभ्यास केव्हाच सोडला आहे, दिवसभर मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो आणि हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. दत्ता त्याच्याच गावचा. पवन नवा, बुजरा. दुसऱ्या अंकात सचिनचे वडील, अप्पा, न कळवता गावाहून येतात.

तिसऱ्या प्रवेशात दत्ताला बादलीत भिजत घातलेला कंपनीचा टी-शर्ट सापडतो. लेखकाच्या मते हा धक्का आहे. आता पत्रकात पहिल्या प्रवेशाची ओळ बघा. कंसातली सूचना म्हणते, ‘रात्रीचे साडेअकरा. सचिन येतो. हातात हेल्मेट.’ अभ्यासिका दोन गल्ल्या पलीकडे आहे, हे त्याच प्रवेशात पवन बोलून गेला आहे. दोन गल्ल्या चालत येणाऱ्या मुलाच्या हातात हेल्मेट कशाला? पुण्यातला प्रेक्षक हेल्मेट चटकन टिपतो, हेल्मेटसक्तीच्या वादांमुळे तो विषय आपल्याकडे भावनिक आहे. म्हणजे निम्म्या प्रेक्षागृहाला पहिल्या दहा मिनिटांतच संशय आला. ज्याला संशय आला तो पुढे ‘दत्ताला कधी कळणार’ हे बघत बसेल. ज्याला आला नाही तो तिसऱ्या प्रवेशात दचकेल. ही दोन वेगळी नाटकं आहेत आणि दोन्ही चांगली होऊ शकतात. कुठलं करायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. आज संहिता दोन्ही एकदम करते आहे, हे दिसलं पाहिजे एवढंच.

चौथ्या प्रवेशात पवन विचारतो, “सचिनदादा, आज सुट्टी का?” पवनला कामाचं कधी कळलं? पत्रकात त्याचं उत्तर नाही. बहुधा आधीच्या खर्ड्यात पवनला माहीत असणार. लेखकाने तो प्रवेश काढला आणि हे वाक्य राहून गेलं. नव्या संहितांमध्ये असले अवशेष भरपूर मिळतात. ते सापडले म्हणून लेखकाला खिंडीत पकडायचं नसतं.

लेखकाबरोबरची बैठक

दिग्दर्शकाला सांगून, पण शक्यतो त्याच्याशिवाय भेटा. तिघं बसले की दोघं एका बाजूला होतात. तीनच प्रश्न घेऊन जा. पत्रकात तीस निघाले असतील तरी तीनच.

प्रश्न नाटकातल्या वस्तुस्थितीबद्दल असावेत. “दुसरा अंक जरा लांबलाय असं वाटत नाही?” हा प्रश्न नव्हे, हे मत आहे, प्रश्नचिन्ह लावल्याने त्याची जात बदलत नाही. “अप्पा खोलीत आल्यापासून ‘फॉर्म भरलास का?’ असं विचारेपर्यंत किती वेळ गेलेला असतो?” हा प्रश्न. लेखक मनात घड्याळ लावतो, गडबडतो, म्हणतो, “थांब, ते आधी पाणी पितात... नाही, पाणी पवन आणतो...” आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच दिसतं की अप्पांना बसायलासुद्धा कुणी सांगितलेलं नाही. ही दुरुस्ती त्याची असते, म्हणून टिकते.

“त्यापेक्षा असं केलं तर?” हे वाक्य पहिल्या दोन भेटींत तोंडातून काढायचं नाही. तुम्ही उपाय सुचवला की लेखकापुढे दोनच वाटा राहतात, अडून बसणं किंवा मान्य करणं. अडला तर तुमचं काम संपलं. मान्य केलं तर जास्त वाईट; नाटकात एक जागा अशी तयार होते की तिथलं वाक्य लेखकाला बोलता येतं, पण त्याचं नसतं. नटांना ती जागा बरोबर लागते, तिथे त्यांची वाक्यं अडखळतात. लेखकाने स्वतःहून विचारलं, “तू काय केलं असतंस?” तर उत्तर उद्यावर टाका. उद्यापर्यंत बहुतेक वेळा त्यानेच काहीतरी केलेलं असतं.

दोन गोष्टींकडे कान ठेवा. लेखक बोलताना एखादा प्रसंग रंगवून सांगतो आणि तो संहितेत नसतोच. “हे कुठे आहे?” असं साधेपणाने विचारा. दुसरं, ज्या पात्राबद्दल तो फक्त विशेषणांत बोलतो (‘दत्ता ना, खूप प्रामाणिक आहे’), ते पात्र अजून लिहून व्हायचं आहे असं समजा. भेटीनंतर त्याच रात्री, लेखकाचे शब्द न बदलता, काय बोलणं झालं ते त्याला लिहून पाठवा. पुढचा वाद तर टळतोच, आणि आपलं बोलणं कागदावर बघून लेखकाला लिहायची हुक्की येते, हा वरचा फायदा.

पहिला खर्डा पक्का झाला की घरीच अभिवाचन ठेवा. पुण्यात अभिवाचनाला माणसं मिळतात, अडचण एवढीच की सगळी नाटकवालीच येतात. निदान दोघं तरी नाटकाशी संबंध नसलेली बोलवा. वरच्या मजल्यावरच्या काकू चालतील. ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘कुठे लक्ष दुसरीकडे गेलं?’ विचारा आणि संहितेत त्या जागेवर खूण करा. कुणी कारणं सांगायला लागलं तर ऐकून सोडून द्या. प्रेक्षकाला लागलेली जागा जवळपास नेहमी खरी असते, त्याने दिलेलं कारण क्वचितच.

संशोधन : दोन पानं, जास्त नाही

इथे माझं मत जरा कडक आहे. संचाला दोन पानांपेक्षा जास्त देऊ नका. तुम्ही स्वतः कितीही वाचा. ऐतिहासिक नाटक असेल तर पुणे त्यासाठी उत्तम गाव आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ, १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, केसरीचे जुने अंक, आणि चित्रांसाठी लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पण समकालीन नाटकात संशोधनाचं स्वरूप वेगळं असतं. ते तारखांच्या आणि सवयींच्या बारकाव्यांत असतं.

आपल्या नाटकात लेखकाने फक्त ‘अलीकडचा काळ’ लिहिलं आहे. कुठलं वर्ष? ११ मार्च २०२१ ला, तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. परीक्षा शेवटी २१ मार्चला झाली. नाटक त्या आठवड्यात घडत असेल तर खोलीच्या खिडकीतून घोषणा ऐकू येतात आणि ‘परीक्षा कधी?’ या अप्पांच्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. तेच नाटक २०२५ मध्ये ठेवलं तर मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालेली आहे, म्हणजे पाच वर्षं बहुपर्यायी प्रश्नांची तयारी केलेल्या मुलाला आता पानंच्या पानं लिहायचा सराव करायचा आहे. सचिनने अभ्यास का सोडला, याचं एक आयतं कारण तिथे मिळतं. हे लेखकाला वापरायचं असेल तर वापरेल. दोन पानांत जायची माहिती ही अशी : जिच्यामुळे एखादं पात्र वेगळं वागू शकेल.

नटांना कागद देण्यापेक्षा जागेवर न्या. मेसमध्ये रात्रीच्या पाळीला एकदा जेवा. अभ्यासिकेत मुलं खुर्चीवर पिशवी ठेवून जागा कशी धरतात, चार्जर कुणाचा कुठे लागतो, हे बघून आलेला नट तालमीत वेगळाच बसतो.

तालीम

वाचनाच्या तालमींना तुम्ही हवेच. नट पहिल्यांदा मोठ्याने वाचतात तेव्हा कुठे अडखळतात ते टिपा. तिसऱ्या वाचनालाही तिथेच अडखळले तर तो नटाचा दोष नाही, वाक्याचा आहे. संदर्भाचे प्रश्न आले तर थोडक्यात उत्तर द्या. व्याख्यान नको.

मग हालचाली बसवायचे दिवस येतात. त्या दिवसांत सरळ दांडी मारा. तिथे दिग्दर्शक आणि नट अंधारात चाचपडत असतात, कोण कुठून येतं, लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या उंचवट्यावर, कधी चढतं, कप कुठे ठेवतं. कुणीतरी मागून बघतंय ही जाणीव त्यांना नको असते. शिवाय रोज पाहून तुमचीही नजर मरते. पहिल्या रन-थ्रूला, म्हणजे न थांबता केलेल्या सलग तालमीला या. तो तुमचा दिवस.

दिग्दर्शकाच्या शेजारी बसू नका, मागे बसा. संहिता मिटलेली असू दे. ती उघडी असली की तुम्ही वाचता, बघत नाही. कागदावर वेळ आणि दोन शब्द, एवढंच लिहा. त्या रात्री घरी जाऊन पहिल्या वाचनाचा कागद काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आपण जे नाटक वाचलं होतं आणि जे आज पाहिलं, त्यांत फरक कुठे पडला आहे? काही फरक सुंदर असतात, ते सांगायला विसरू नका. काही नकळत झालेले असतात.

नकळत म्हणजे कसे, ते बघा. अप्पा ‘फॉर्म भरलास का?’ हे वाक्य तीनदा म्हणतात. पहिल्यांदा सहज. दुसऱ्यांदा जेवताना. तिसऱ्यांदा, सगळं कळल्यानंतर, निघताना दारात. अप्पांचं काम करणाऱ्या नटाला दुसऱ्या वेळी तालमीत हशा मिळाला. नट माणूस आहे, हशा मिळालेली जागा तो सोडत नाही. त्याने वाक्याआधी घास थांबवायला सुरुवात केली, हशा मोठा झाला. आता तिसऱ्या वेळी अप्पा दारात थांबले की खोलीतले सगळे, अगदी बॅकस्टेजची मुलंसुद्धा, आधीच हसायला तयार असतात. नाटकातली सगळ्यात जड जागा हलकी झाली, आणि हे एका दिवसात न झाल्यामुळे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

यावर टिपण कसं लिहायचं? ‘अप्पा ओव्हर करताहेत’ असं नाही. ‘दुसऱ्या वेळचा पॉझ काढावा’ असंही नाही. असं लिहा : “तिसऱ्या ‘फॉर्म भरलास का?’ ला आज हशा आला. तो दुसऱ्या वेळच्या हशातून आला असं वाटलं. शेवटी तिथे आपल्याला हशा हवा आहे का?” काय झालं, कुठून आलं असावं, आणि एक प्रश्न. उपाय दिग्दर्शक काढेल. कदाचित तो हशा ठेवेल आणि त्यावर सचिनलाच हसायला लावेल, जे तुम्हाला सुचलंही नसतं.

एका दिवशी तीन टिपणं, फार तर चार. दिग्दर्शकालाच, आणि एकट्याला. हे लाखातलं एक पथ्य. नट चहाच्या टपरीवर गाठून विचारतील, “कसं वाटलं माझं?” तुम्ही “मजा येतेय” म्हणा आणि बिस्किटांचा पुडा पुढे करा. लेसिंगनेही हाम्बुर्गमध्ये सुरुवातीला नटांच्या कामावर जाहीर लिहिलं. नट भडकले आणि त्याला ते लिहिणं बंद करावं लागलं. पुढे तो फक्त नाटकांवर लिहीत राहिला. अडीचशे वर्षांत नटांचा स्वभाव काही बदललेला नाही, बदलायचं कारणही नाही. रोज रात्री स्वतःला उघडं टाकणाऱ्या माणसाला दोन वेगवेगळ्या तोंडांनी सूचना मिळाल्या तर तो कुठलीच पाळू शकत नाही.

आणखी एक जागा लक्ष देऊन ऐका : पात्रं एकमेकांना हाक कशी मारतात. मराठीत नातं बदललं की हाक आधी बदलते. दत्ता पूर्ण नाटकभर सचिनला ‘भावा’ म्हणतो. टी-शर्ट सापडल्यानंतर संहितेत त्याचं वाक्य आहे, “काय सचिनराव, कुठली अभ्यासिका?” तालमीत नटाने सवयीने ‘काय भावा’ म्हणायला सुरुवात केली, आणि तुटलेलं नातं परत जोडलं गेलं. पाठांतरातली चूक म्हणून प्रॉम्प्टर ती सोडून देईल. तुम्ही सोडू नका.

शेवटच्या आठवड्यात मोठे प्रश्न बंद. प्रकाशयोजना आणि ध्वनी बसत असताना ‘पण या नाटकाचा मुख्य संघर्ष काय?’ असं विचारणाऱ्याला खोलीबाहेर काढलं तर ते योग्यच आहे. रंगीत तालमीला फक्त कळतं की नाही आणि ऐकू येतं की नाही एवढं बघा. मात्र खुर्ची बदलत राहा. सुदर्शन रंगमंचावर प्रेक्षक नटाच्या श्वासाच्या अंतरावर असतो, तिथे दत्ताचा नुसता डोळा हलला तरी पोचतं. हेच नाटक पुढे यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात किंवा बालगंधर्व रंगमंदिरात गेलं तर बाल्कनीतल्या माणसाला बादलीतला टी-शर्ट दिसणारसुद्धा नाही. तो दत्ताने पिळून वर धरायला हवा का, हा प्रश्न रंगीत तालमीच्या आधी पडलेला बरा.

कात्री

नवं नाटक जवळपास नेहमीच लांब असतं. प्रायोगिक दीर्घांकाला मध्यंतर नसेल तर दीड तासापलीकडे पुण्याचा प्रेक्षकही चुळबुळतो. कापायला बसण्याआधी स्टॉपवॉच लावून संहिता मोठ्याने वाचा. पानांच्या संख्येवरून अंदाज बांधू नका; स्वगताचं पान आणि एकशब्दी संवादांचं पान यांचा वेळ सारखा नसतो.

पहिली कात्री लागते ती दुसऱ्यांदा सांगितलेल्या माहितीला. पत्रकातला ‘नवीन काय कळतं’ हा रकाना ज्या ओळीत रिकामा आहे तिथून सुरुवात करा. मग दुःख बोलून दाखवणारी वाक्यं. नट ते आधीच करून दाखवत असतो. सुंदर वाक्य काढायचं झालं तर लेखकाला ते स्वतः काढू द्या. आणि कुठलीही क्षुल्लक वाटणारी बडबड कापण्याआधी आत काय चाललंय ते विचारा. चहा-साखरेच्या चार निरर्थक वाक्यांमध्ये विंगेत कुणीतरी शर्ट बदलत असतो. ती वाक्यं गेली की नट एका बाहीत हात घालून प्रवेश करतो.

प्रत्येक खर्ड्यावर क्रमांक आणि तारीख टाका. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ या नावांच्या फाइलींनी अनेक मैत्र्या मोडल्या आहेत. लेखक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणारा असेल तर पहिल्याच दिवशी सगळं युनिकोडमध्ये आणून एकदा नीट वाचून घ्या, जोडाक्षरं फुटतात. काढलेला मजकूर फेकू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा आणि बाजूला का काढला ते अर्ध्या ओळीत लिहा.

परभाषेतलं नाटक असेल तर

काम दुप्पट होतं, पण पहिला प्रश्न एकच : नाटक तिकडेच ठेवायचं की इकडे आणायचं? इकडे आणायचं तर नुसती नावं बदलून भागत नाही, त्या गोष्टीला इथे कुठलं रूप आहे ते शोधावं लागतं. पु. ल. देशपांडे यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून आणलं, १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने ते केलं; तिथे तमाशा हा नुसता शीर्षकातला शब्द नाही, गाणी आणि प्रेक्षकांशी थेट बोलणं यांना इथल्या रंगभूमीवर जागा करून देणारा तो सांगाडा आहे. तुमच्या नाटकाला असा सांगाडा मिळत नसेल तर ते तिकडेच राहू द्या. नॉर्वेतली माणसं मराठी बोलताना प्रेक्षक सहज मान्य करतो, नॉर्वेजियन वागणारे जोशी त्याला खटकतात.

मूळ भाषा येत नसेल तर निदान दोन वेगळ्या भाषांतरांशी ताडून बघा. जिथे ती दोन एकमेकांपासून लांब जातात, तिथे मुळात काहीतरी अवघड आहे एवढं नक्की.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण नाटक इथेच अडकतं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नाट्यगृहाची तारीख हातात आल्यावर धावपळ करू नका, त्याच्या बऱ्याच आधी प्रत पाठवा. आणि मंजूर झालेली प्रत जशीच्या तशी वेगळी जपून ठेवा, कारण तालमीत संहिता बदलत राहणार आहे.

हक्कांचं गणित : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ब्रेख्त १९५६ मध्ये गेला, त्यामुळे त्याचं मूळ लेखन आपल्याकडे २०१६ अखेर मोकळं झालं. पण तुम्ही ज्या इंग्रजी किंवा हिंदी भाषांतरावरून काम करता आहात त्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा, तो जिवंत असू शकतो. परवानगी लेखी घ्या, ‘बोलणं झालंय’ यावर प्रयोग लावू नका.

तुमचं स्वतःचंही लेखी करून घ्या, ओळखीत असलात तरी. ‘रेंट’ या अमेरिकन संगीतिकेची ड्रामाटर्ग लिन टॉमसन हिने सहलेखिका म्हणून वाटा मागितला. १९९८ मध्ये न्यायालयाने सहलेखनाचा तिचा दावा नाकारला, कारण तिचा आणि लेखकाचा, दोघांचाही तसा इरादा होता असं सिद्ध झालं नाही. तिने संहितेवर मेहनत घेतली होती याबद्दल फारसा वाद नव्हता. म्हणून आधीच एका पानावर चार गोष्टी लिहून घ्या : पोस्टरवर आणि जाहिरातीत नाव कसं येईल, किती तालमींना येणार, मानधन किती आणि कधी, आणि तुमच्या सूचनांतून आलेल्या मजकुरावर हक्क कुणाचा. तो लेखकाचाच असावा, असं माझं मत. मानधन शून्य असेल तर शून्य लिहा, पण लिहा.

प्रयोग लागल्यावर

पहिल्या प्रयोगाला तुमचं काम नाही, मित्र म्हणून जा. दुसऱ्या-तिसऱ्याला मागच्या रांगेत बसून नाटकाकडे कमी आणि माणसांच्या मानांकडे जास्त बघा. खोकला कुठे सुरू होतो, मोबाइलचे उजेड कुठे लागतात, हशा कुठल्या शब्दावर येतो. पाचव्या प्रयोगाच्या आसपास नाटक सैल व्हायला लागतं. नटांना जागा सापडलेल्या असतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागेवर दोन-दोन सेकंद जास्त रेंगाळतो. सगळं मिळून सहा-सात मिनिटं वाढतात. तेव्हा दिग्दर्शकाला फक्त सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ कळवा. तो समजून जातो.

सुरुवात कुठून करायची

कॉलेजात असाल तर पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींइतकी चांगली शाळा नाही. १९६३ पासूनची ही स्पर्धा, मुलांनीच लिहिलेल्या आणि बसवलेल्या एकांकिका, डोक्यावर वेळेची मर्यादा आणि संहिता शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलणारी. ड्रामाटर्गला लागणारं सगळं तिथे आहे. संचात ‘मी स्क्रिप्टचं पत्रक ठेवतो’ म्हणून शिरा, कुणी नाही म्हणणार नाही. स्पर्धेच्या वेळी कॉलेजच्या नावाने घोषणा द्यायला त्यांनाही एक घसा जास्त मिळतोच. कॉलेज मागे पडलं असेल तर विद्यापीठातलं ललित कला केंद्र, सुदर्शन, द बॉक्स, ज्योत्स्ना भोळे सभागृह इथल्या प्रयोगांना आणि अभिवाचनांना नेमाने जा. पण नाटक आवडलेल्या संचाला ‘मला तुमच्याबरोबर काम करायचंय’ असा निरोप पाठवू नका. त्यांच्या पाहिलेल्या नाटकाचं पत्रक करा, आठवणीवरून, चुकलं तरी हरकत नाही, आणि त्यातून निघालेला एकच प्रश्न दिग्दर्शकाला लिहून पाठवा. उत्तर आलं तर पुढच्या नाटकाची संहिता वाचायला मागा. आठ दिवसांत वाचून परत करा, झेरॉक्स न काढता.